राहुटीतला बंब

तिसऱ्या दिवशी पहाटे बूट घालायला घेतले तर नाड्या काड्यांसारख्या ताठ उभ्या. बुटाचं तोंडच उघडेना. आदल्या दुपारी आधी पाऊस, मग पाऊस आणि बर्फाची खिचडी, मग नुसता बर्फ असं सगळं अंगावर घेतलं होतं आणि रात्री ओले बूट तंबूच्या पडवीत सोडून मी झोपलो होतो. पारा उणे १२ वर गेला होता. शेवटी बूट स्लीपिंग बॅगेत मांडीशी धरून अर्धा तास बसलो, अंडी उबवणाऱ्या कोंबडीसारखा. तोवर उजाडलं. एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला उजाडल्यावर निघणं म्हणजे लग्न लागल्यावर अक्षता शोधायला जाणं. त्याच दुपारी आम्ही चौघांनी गाशा गुंडाळला. पाच दिवसांची रजा काढून गेलो होतो, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी. बायकोने दार उघडलं, एक शब्द बोलली नाही, गिझर लावला.

पुढच्या वर्षासाठी आम्ही नवा तंबू निवडला, त्याची ही गोष्ट. आधी थोडं मागचं सांगतो. मी मूळचा सांगलीचा, कोलोरॅडोत येऊन सतरा वर्षं झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे बंदूक मी फक्त पोलिसाच्या खांद्यावर पाहिलेली. इथे मात्र शेजाऱ्याच्या घरी वर्षभराचं मांस दर नोव्हेंबरात डोंगरातून येतं. कोलोरॅडोत एल्क अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त आहेत. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ. मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. सुरुवातीची दोन वर्षं मी नुसता ओझं वाहायला गेलो. मग रीतसर प्रशिक्षण घेतलं (१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथे ते सक्तीचं आहे), परवाना काढला, ५०० चौरस इंच भगभगीत नारिंगी कपडे अंगावर घालायचा नियम पाळला आणि रायफलच्या दुसऱ्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबरच्या शेवटी, जायला लागलो.

आमची टोळी चौघांची. मी, शेजारी, त्याचा मेहुणा आणि शेजाऱ्याचे सासरे. सासरे सत्तरीला टेकलेत, आयुष्यभर सुतारकाम केलंय, बोलतात कमी. इंग्रजीत सगळेच ‘यू’, पण मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणतो आणि अहोजाहो करतो. जागा फ्लॅट टॉप्स. या पठाराची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१९ साली वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या माणसाला तिथल्या ट्रॅपर्स लेकभोवती बंगल्यांचे प्लॉट आखायला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, तिथे काही बांधू नका, आहे तसं राहू द्या. आणि ते तसं राहिलं. आज तिथे १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखालचं राखीव रान आहे, म्हणजे इंजिन नाही, यांत्रिक करवत नाही आणि चाकसुद्धा नाही, साधा हातगाडा देखील नाही. जे न्यायचं ते स्वतःच्या नाहीतर घोड्याच्या पाठीवर. आमचा तळ गाडीपासून सहा किलोमीटर आत, दहा हजार फुटांवर. तंबू निवडताना जो काही काथ्याकूट झाला, त्याच्या मुळाशी ही चाक नसण्याची गोष्ट होती.

त्या हिवाळ्यात बैठका सुरू झाल्या, शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये. पहिला प्रस्ताव मेहुण्याचा: कॅनव्हासचा भिंतीवाला तंबू, आत लोखंडी शेगडी. जुन्या शिकाऱ्यांचा तोच थाट. आत खाट टाकता येते, उभं राहून विजार चढवता येते आणि कापड श्वास घेतं त्यामुळे ओल धरत नाही. मला विचाराल तर थंडीतला याहून चांगला तंबू नाही. पण बारा बाय चौदा फुटांचं कापड, सांगाडा आणि शेगडी मिळून ७०–८० किलोंच्या घरात जातं. घोडेवाल्याचा भाव विचारला. फोन ठेवल्यावर पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही.

दुसरा प्रस्ताव माझा, आणि तो ऐकून सगळे हसले, पण मला कागदावर हिशेब मांडू दिला. आहेत तेच तंबू ठेवायचे, आत प्रोपेनचा छोटा हीटर. साडेचारशे ग्रॅम गॅसची हिरवी बाटली मंद आचेवर साडेपाच तास जाते. रात्र अकरा तासांची धरली तर दोन बाटल्या. पाच रात्रींच्या दहा. भरलेली बाटली किलोभराला थोडी कमी, म्हणजे नऊ किलो नुसता गॅस, तोही एका तंबूपुरता. इथपर्यंत मी तग धरून होतो. मग केमिस्ट्री आडवी आली. एक किलो प्रोपेन जळला की एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. म्हणजे रात्रभरात दीड लिटर पाणी आपण आपल्याच हाताने तंबूत शिंपडायचं, आणि ते कुठे जाऊन बसणार, तर गार कापडावर आणि आपल्या पिसांच्या बॅगेवर. कपडे वाळवायला निघालेला माणूस असला उद्योग करेल? वर हीटरच्या पुस्तिकेतच छापलेलं की ७,००० फुटांच्या वर विरळ हवेमुळे ऑक्सिजनची सुरक्षा-झडप हीटर बंद पाडू शकते. आमचा तळ त्याच्या तीन हजार फूट वर. प्रस्ताव मीच मागे घेतला. डिझेल हीटर बॅटरी मागतो, बर्फावरच्या मासेमारीचे रजईसारखे जाड तंबू पाठीवर नेण्याजोगे नसतात. ते दोन्ही चहा संपायच्या आत निकालात निघाले.

तेव्हा तात्या पहिल्यांदा बोलले. म्हणाले, ‘तुम्ही रात्रभर ऊब शोधताय. ऊब बॅगेत असते. तुम्हाला वाळवण पाहिजे.’

मी घरी आलो आणि या वाक्यावर विचार करत बसलो. माझी उणे १८ पर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग होती, तिच्यात मला एकदाही थंडी वाजली नव्हती. आम्ही परतलो होतो ते ओल्या मोज्यांमुळे, ओल्या हातमोज्यांमुळे आणि संध्याकाळी साडेसहाला अंधार पडल्यावर चार माणसांना एकत्र बसायला कोरडी जागा नव्हती म्हणून. दोन तंबूंत दोन-दोन जण, अकरा तास आडवे, छताकडे बघत. कोकणातल्या माझ्या आत्याकडे पावसाळ्यात बाळाची दुपटी कोळशाच्या शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवायचे. आम्हाला ती टोपली हवी होती, चार माणसांच्या मापाची.

तशी टोपली इथे मिळते. तिला टीपी म्हणतात, मी राहुटी म्हणतो, कारण ती आहेच राहुटी: मधे एक खांब, वरून खाली उतरतं कापड, तळ नाही. कापड सिलिकॉन चोपडलेलं नायलॉन, इतकं पातळ की हातात धरलं तर छत्रीची आठवण येते. वरच्या बाजूला कापडात काचतंतूंचा, आगीला दाद न देणारा चौकोन शिवलेला. त्यातल्या भोकातून शेगडीचं धुराडं बाहेर जातं. शेगडी टायटॅनियमच्या पत्र्याची, सुट्या तुकड्यांची, सुटी केली की लॅपटॉपच्या पिशवीत मावते. कोलोरॅडोतच ग्रँड जंक्शनला हे बनवणारी एक कंपनी आहे, इतरही आहेत. अशा राहुट्यांना तळ का नाही, हा माझा पहिला प्रश्न होता, आणि सांगलीतल्या आईचाही तोच. उत्तर सोपं आहे: बर्फाळलेले बूट घालून आत यायचं, लाकडं आत फोडायची, ठिणगी पडली तर मातीत पडली पाहिजे. झोपायच्या जागेपुरतं प्लॅस्टिकचं अंथरूण टाकायचं. अंगण आणि ओसरी एकाच छपराखाली.

आता माप. ही ‘आठ माणसांची’ राहुटी. एसटीच्या पाटीवर बसलेले किती, उभे किती लिहिलेलं असतं, त्यातला हा प्रकार. आकड्यावर माझा विश्वास बसेना म्हणून घरासमोरच्या सिमेंटवर मापाचं वर्तुळ काढायचं ठरवलं. खडू मिळाला नाही. बायको रांगोळीचा डबा घेऊन आली. मी मधोमध दोरी धरून उभा, ती दुसऱ्या टोकाला वाकून चिमटीने रेघ ओढत गेली, साडेचार मीटर व्यासाचं वर्तुळ. ‘लग्नात एवढी मोठी काढली नव्हती,’ म्हणाली. मग तिघांना बोलावलं आणि आपापल्या गाद्या टाकायला लावल्या.

पहिल्या पाच मिनिटांत कळलं की वर्तुळाचं क्षेत्रफळ फसवं असतं. खांब अडीच मीटरचा. कापड तिरकं उतरतं. कडेपासून दोन फूट आत आलो तरी डोक्यावर छप्पर जेमतेम सव्वादोन फूट. त्या पट्ट्यात माणूस नाही, फक्त पिशव्या. शेगडीचं धुराडं खांबाजवळून वर जातं, म्हणून शेगडी मध्याजवळ, आणि तिच्या सभोवार दोन-अडीच फूट काहीही नाही, कारण नायलॉन आणि पिसांचं जाकीट दोन्ही मेणासारखी वितळतात. दारासमोर यायची वाट. फोडलेल्या लाकडांची जागा. हे सगळं रांगोळीने आखल्यावर गाद्या किती बसल्या? चार. पाचवी टाकून बघितली, तिचं पायथ्याचं टोक शेगडीत जात होतं. माझा ठोकताळा तेव्हापासून ठरलाय: शेगडी लावायची असेल तर पाटीवरच्या आकड्याचं अर्धं करा. आम्ही आधी ‘सहा माणसांची’ घ्यायला निघालो होतो, वजन वाचवायला. रांगोळीने वाचवलं.

वजनाचा तक्ता मी केला, माझं कामच ते. राहुटी खांबासकट ३.४ किलो, शेगडी आणि धुराडं १.९, आतलं अर्धं अस्तर ०.९, खुंट्या आणि अंथरूण ०.८. एकूण सात किलो. चौघांत प्रत्येकी पावणेदोन. आमचे जुने दोन घुमटी तंबू प्रत्येकी २.८ किलोंचे, एकात दोघे, म्हणजे डोईला १.४. म्हणजे विस्तवाची किंमत माणशी ३५० ग्रॅम. घडीच्या करवतीचे तीनशे ग्रॅम त्यात धरले नाहीत म्हणून मेहुणा अजून मला ऐकवतो. पैसे सगळे मिळून दोन हजार डॉलरच्या आसपास, माणशी पाचशे. महाग आहे. पण घोडेवाल्याचा आकडा ऐकून झालेला होता.

दोन गोष्टींवर मात्र भांडणं झाली. एक कापड. नायलॉन भिजलं की ताणतं, रात्री सैल पडतं, पहाटे उठून खुंट्या आवळाव्या लागतात. पॉलिस्टरचं कापड तसं सैल पडत नाही, पण त्याच वजनाला फाटायला जरा कमी दणकट. शेजाऱ्याला पॉलिस्टर हवं होतं, तात्यांना नायलॉन. तात्यांचं म्हणणं, सैल झालेलं ओढता येतं, फाटलेलं रानात शिवत बसावं लागतं. नायलॉन आलं. दुसरं अस्तर. मी म्हटलं, नऊशे ग्रॅम कशाला? शेगडी आहे की. यात मी हरलो आणि हरलो ते बरं झालं, त्याचं पुढे येईलच.

शेगडी लहान की मोठी यात मी अडून बसलो नाही. टायटॅनियमचा पत्रा पातळ, तो काही मिनिटांत लाल होतो आणि लाकूड संपलं की तितक्याच झटक्यात गार पडतो. बिडाची शेगडी जशी तासभर धग धरून ठेवते तसं याचं नाही. लहान पेटीत मनगटाएवढी वीतभर लाकडं मावतात आणि दर वीस मिनिटांनी तोंड उघडून घास भरवावा लागतो. आम्ही एक माप मोठी घेतली. तीसुद्धा पाऊण तासापलीकडे जात नाही. रात्रभर तेवत राहणारी पाठीवरची शेगडी कोणी विकत असेल तर हात जोडून पुढे व्हा.

सामान जानेवारीत आलं, आणि मग धुराडं. ही गोष्ट कोणी आधी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. धुराडं म्हणजे टायटॅनियमचा कागदासारखा पातळ पत्रा, जवळजवळ तीन मीटर लांब. तो येतो चटईसारखा लांबीच्या बाजूने गुंडाळून. आपल्याला तो उलट्या बाजूने, रुंदीच्या बाजूने वळवून लांबच लांब नळी करायची असते. पत्र्याला ते मान्य नसतं. एका टोकाला वळवून तारेचं कडं चढवलं की दुसरं टोक फणा काढून उघडतं. त्याची कड ब्लेडसारखी. मेहुणा इलेक्ट्रिशियन, त्याने चामड्याचे हातमोजे नकोत म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या मिनिटाला अंगठा तोंडात धरून उभा राहिला. तात्या आणि मी जमिनीवर गुडघे टेकून दोन टोकांना, शेजारी मधे पोटावर पडून दाबतोय, मेहुणा एका हाताने कडी सरकवतोय. आधी थंड गॅरेजमध्ये तासभर गेला. मग आम्ही पत्रा दोन्ही बाजूंनी हळूहळू थोडा थोडा वळवत आणायला शिकलो आणि पंधरा मिनिटांत नळी झाली.

ही झटापट एकदाच. नळी बसवून शेगडी अर्धा तास कडकडीत पेटवली की पत्र्याला त्या गोलाईची सवय लागते. नंतर तो आपणहून वळतो. पहिल्या जाळाला नळी खालून वर रंग बदलत गेली: आधी सोनेरी, मग जांभळी, मग मोरपंखी निळी. चौघंही तोंड वासून बघत होतो. मी व्हिडिओ काढून आईला पाठवला. लगेच फोन आला.

‘अरे, हा तर आपला बंब की रे!’

‘बंबच आहे आई.’

‘ढलप्या बारीक केल्यास का? जाड लाकूड घालून धूर करून घेशील. तुझ्या आजोबांना सांगून सांगून दमले होते मी.’

बंब पेटवणाऱ्या घरात वाढल्याचा हा एक फायदा. खाली जाळी, जाळीतून हवा, वर धुराडं, धुराडं तापलं की ओढ सुरू, ओढ सुरू झाली की धूर आपोआप वर. अमेरिकेतले माझे तिघे सोबती मोठं लाकूड घालून खालून फुंकत बसायचे. मी बंबाला घालतो तशा काडीएवढ्या ढलप्या उभ्या रचल्या, वरून पेटवल्या आणि दीड मिनिटात ‘घूं’ असा तो ओळखीचा आवाज आला. तेव्हापासून पेटवण्याचं खातं माझ्याकडे.

फेब्रुवारीत मेहुण्याच्या परसात रात्रभराची तालीम केली. तो गावाबाहेर राहतो. दोन थर्मामीटर टांगले, एक बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक जमिनीपासून वीतभर. बाहेर उणे नऊ. शेगडी भडकल्यावर वरचा ३१ दाखवत होता आणि खालचा ८. म्हणजे डोकं चैत्रात, पाय पौषात. ओले मोजे कुठे टांगायचे हे तिथे ठरलं: खांबापासून कापडाच्या टोकापर्यंत उंचावर दोरी बांधायची. मुद्दाम बादलीत भिजवून पिळलेले लोकरी मोजे दोन तासांत कडक वाळले. बूट शेगडीपासून तीन फुटांवर, जीभ बाहेर ओढून. त्याहून जवळ नेले तर तळव्याचा डिंक सुटतो.

रात्री साडेअकराला शेवटची लाकडं घातली. सव्वाबाराला पेटीत निखारे, एकला काळोख, अडीच वाजता आतला पारा बाहेरच्यापेक्षा फक्त दोन अंश वर. म्हणजे तात्यांचं वाक्य खरं होतं, झोपायची ऊब बॅगेचीच. मग पहाटे मी उठून शेगडी पेटवली आणि अस्तराचा धडा मिळाला. चार माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर कापडाला आतून लागून तिचं दव गोठलेलं होतं. राहुटी तापली तसं ते सगळं एकदम वितळलं. जिथे अस्तर होतं त्या अर्ध्या भागात पाणी अस्तरामागून ओघळून खाली गेलं. दुसऱ्या अर्ध्यात, जिथे मी तत्त्व म्हणून अस्तराविना झोपलो होतो, तिथे पाऊस पडला. नऊशे ग्रॅमवरचा माझा आक्षेप तिथेच संपला.

विषारी वायूचं बोलायलाच हवं. लाकूड भडकलेलं असतं तोवर भीती कमी. धुराड्यातली झडप मिटून लाकूड कोंडून जाळलं, की कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात राहुटीच्या खालच्या कडेला बर्फ साचून फट बुजली तर बाहेरची हवा आत येणं बंद. म्हणून शेंड्याचा झरोका कायम उघडा आणि बॅटरीचा अलार्म खांबाला बांधलेला. घरगुती अलार्मची एक खोच मला त्या शोधात कळली: अमेरिकन मानकाप्रमाणे हवेत हा वायू ७० पीपीएम (दहा लाख भागांत सत्तर) असेल तर त्याने एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचं असतं, ४०० ला मात्र चार ते पंधरा मिनिटांत. ७० हून कमी प्रमाणात डोकं दुखत राहील आणि हा गप्प. म्हणून पडद्यावर आकडा दाखवणारा, कमी प्रमाणही मोजणारा घेतला. आणि नियम: विस्तव पेटीत असताना निदान एक जण जागा. शेवटची लाकडं घातली की ती विझेपर्यंत त्या माणसाची पाळी.

ऑक्टोबर आला. वर पोचलो तेव्हा जागेवरून तात्यांनी दोनदा आम्हाला हलवलं. तिथल्या पाइन झाडांना सालीखालच्या किड्याने मारलंय, डोंगरच्या डोंगर करडे उभे आहेत. जळणाला सोनं, पण रात्री वाऱ्यात असलं झाड राहुटीवर आलं तर संपलं. शेवटी जिवंत स्प्रूसच्या झाडांच्या आडोशाला, पाण्यापासून शंभर फुटांच्या पलीकडे जागा मिळाली. खुंट्या गोठलेल्या जमिनीत जाईनात तिथे दगड आणि ओंडके बांधले. उभी राहायला चाळीस मिनिटं लागली, परसात बारा लागली होती.

दुसऱ्या रात्री बर्फ आला, वीतभर. अंधारात अधूनमधून ‘सर्र’ असा आवाज. उतारावरून साचलेला थर आपोआप घसरत होता. घुमटी तंबूवर तो बसून राहायचा. दोनदा मी बॅगेतून हात काढून आतून कापडाला थापट्या मारल्या. अडचण घसरलेल्या बर्फाचीच झाली: तो खाली कडेला साचला, आणि ती फट बुजण्याची भीती होती ती खरी ठरली. अलार्मचा आकडा शून्यावर होता, पण मेहुणा तीन वाजता उठून स्वयंपाकाच्या ताटलीने चारी बाजूंनी चर खणून आला. शिव्या देत. नंतरच्या रात्री झोपायच्या आधीच चर.

दिवसाचा क्रम असा बसला. अंधार पडता पडता करवत, लाकडं वीतभर लांब, ढलप्या दोन मुठी वेगळ्या काढून पिशवीत, पहाटेसाठी. मग शेगडी. बर्फ वितळवायला पातेलं शेगडीच्या डोक्यावर. या उंचीवर पाणी नव्वद अंशांतच उकळतं, त्यामुळे चहा मनासारखा होत नाही. मी आलं जास्त घालून भागवतो, तिघांनाही आता त्याची चटक लागलीये. दोरीवर आठ मोजे, चार टोप्या, हातमोज्यांची रांग. खाली चौघं मांडी घालून, कोणी चाकूला धार लावतोय, कोणी उद्याच्या ओढ्याचा नकाशा बघतोय. साडेनऊला शेवटचा घास शेगडीला. पहाटे चारला मी बॅगेतूनच हात लांब करून ढलप्या पेटवतो, दहा मिनिटांनी बाकीचे उठतात आणि कोरडे, कोमट बूट घालतात. त्या बुटांत पाय सरकवताना गेल्या वर्षीची कोंबडी आठवली.

नुकसानही झालं. माझ्या जाकिटाची बाही वाकताना धुराड्याला टेकली आणि पापणी लवते न लवते तोच रुपयाएवढं भोक, त्यातून पिसं राहुटीभर. ठिणग्या अडवणारी जाळी नळीच्या तोंडाला होती तरी कोरडं साल जाळलं त्या रात्री बारीक ठिणग्या कापडावर उतरल्याच. सकाळच्या उजेडात आतून मोजली, टाचणीच्या टोकाएवढी सात भोकं. आणि जाळी स्वतःच चौथ्या दिवशी काजळीने तुंबली. धूर उलटा आत आला, सगळे खोकत बाहेर. नळी उतरवून जाळी काडीने खरवडली, पाच मिनिटांचं काम, पण ते उणे दहात, उघड्या बोटांनी.

चौथ्याच दिवशी शेजाऱ्याला मादी मिळाली, तळापासून अडीच किलोमीटरवर, दुपारी दोनला. हाडं सोडून मांस तळावर आणायला रात्रीचे नऊ वाजले, घामाने आणि रक्ताने चौघंही आतपर्यंत ओले. मागच्या वर्षी असं झालं असतं तर तिथून सरळ गाडी गाठावी लागली असती, अंधारात, थकलेल्या पायांनी. यावेळी शेगडी पेटवली, कपडे दोरीवर टाकले, मांस बाहेर झाडाला टांगलेलं. तात्या बसल्या बसल्या झोपले, कप हातात. मी तो काढून घेतला.

हे वाचून कोणी हिमालयातल्या ट्रेकला असली शेगडी न्यायचं मनात आणत असेल तर नको. आमच्याकडे वाळलेलं लाकूड अंगावर पडतंय म्हणून हे जमतं. झाडांच्या रेषेच्या वर जळण नाही, आणि खाली आहे तिथे ते गावकऱ्यांचं आहे. इथेसुद्धा कोरड्या वर्षी वणव्याच्या भीतीने लाकूड जाळण्यावर बंदी येते, तेव्हा ही सात किलोंची राहुटी म्हणजे नुसती मोठी छत्री. निघायच्या आधी दरवेळी वनखात्याचं पान बघून निघतो.

सातही भोकं घरी येऊन सिलिकॉनच्या ठिपक्यांनी बुजवली. धुराडं ब्रशने घासलं, त्याची काजळी बायकोच्या नव्या सिंकमध्ये गेली, तो विषय अजून चालू आहे. यंदासाठी एकच बदल मंजूर झाला: बर्फ उपसायला खरं फावडं, दोनशे ग्रॅमचं. मेहुण्याने तक्त्यात ते माझ्या नावावर टाकलंय.